टाच

रोदिका.
नाव ऐकून गावडोंगरीच्या मास्तरांनी
लगेच अर्थ सांगून टाकला: रडणारी.
ती म्हणाली, आमच्या रुमानियात फळणारी.
मग कुणीच पुढे काही विचारलं नाही.

माझ्याकडे खोली घेऊन राहते,
आगोंदच्या हॉटेलात पाव भाजते.
स्कूटरला उतारावर ब्रेक लागत नाही
म्हणून पाय घासत थांबवते,
चपलांच्या टाचा त्यातच गेल्या.

पौषातली धालोंची पाचवी रात्र.
सारवलेला मांड अजून ओलसर,
आम्ही दोन ओळींत, समोरासमोर,
वाकत पुढे, वाकत मागे.
आधी धरित्रीला नमन, मग रानातल्या देवाला,
मग कुणाच्या तरी सासूला.
सासूवर आलं तेव्हा ती हसली.
शब्द कळला नव्हता,
जागा कळली.

तुमच्याकडे काय करतात गो? शाबीने विचारलं.
तिने आमचे हात सोडवले, पुन्हा गुंफले,
दोन ओळींचं एक कडं केलं
आणि मोडक्या कोंकणीत सांगत राहिली:
आजीच्या गावात, रविवारी, देवळासमोर
पोरीला पहिल्यांदा कड्यात घेतलं
की समजायचं, आता मागणी येणार.
आणि नाचता नाचता बायका
यमक जुळवून ओरडायच्या,
कुणाचा नवरा आळशी,
कुणाची मक्याची पेज पाण्यासारखी.
घरात बोललं तर मार,
कड्यात बोललं तर गाणं.

मग तिने टाच आपटली.
अनवाणी. एकदा. पुन्हा.
सत्यवती वेळीप ताठ झाली.
अगो, हळू! खाली निजलीय ती.
कोण?
माती.
रोदिका थांबली, श्वास घेतला, म्हणाली,
आमची चार महिने बर्फाखाली असते,
आपटल्याशिवाय उठत नाही.

यावर सत्यवतीकडे उत्तर नव्हतं.
सत्तर वर्षांत पहिल्यांदा.

सकाळी मांड सारवायला गेलो
तर मधोमध टाचेएवढा खळगा.
मी शेणाचा गोळा उचलला.
राहू दे, सत्यवती म्हणाली,
उद्या पुन्हा पाडेल ती.

आणि परवा, न्हाणीच्या मागे,
काष्टा खोचून, माडाला हात टेकून
सत्यवती एकटीच उभी.
एक टाच आपटली.
गुडघ्यातून कळ आली असणार,
कारण तिने रुमानियाला शिवी दिली,
कानोसा घेतला,
आणि दुसरी उचलली.