एकाहत्तर सेकंद

डुलुथ. फेब्रुवारीतला शनिवार.
विद्यापीठाच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या रेषांवर
टेबलं मांडलीत. माझ्या गळ्यात स्टॉपवॉच.
अट एवढीच: घड्याळ न वापरता
एक मिनिट मोजून दाखवायचं.

कुणी लंबक आणलाय, कुणी घरंगळत्या गोट्या.
टेबल चौदा: मारिसेला आणि ओडेल,
तीन तास बसमधून आलेले.
तळ कापलेली बाटली उलटी टांगलेली, तिला
सलाइनची बारीक नळी.
ओडेलची आई नर्स आहे, हे त्यानं न विचारताच सांगितलं.
वाटी भरली की काटा कलतो, घंटी वाजते.
घरी, म्हणे, चाळीस वेळा साठच आले.

मी म्हटलं, सोडा.
थेंब.
थेंब.
साठाला मीच श्वास धरला.
पासष्ट. ओडेल बुटांकडे बघू लागला.
घंटी वाजली तेव्हा एकाहत्तर.

आकडा लिहून मी वळणार,
तोच तिनं बाटलीत बोट बुडवलं
आणि ओरडलीच: गारठलंय हे!
पहाटेपासून बसच्या डिकीत होतं ना,
गार पाणी नळीतून रेंगाळतं, ओडेल, रेंगाळतं!
हरवलेलं मांजर माळ्यावर सापडावं
तसा चेहरा.

बक्षीस लंबकवाल्यांना गेलं.
गुणपत्रिकेत ‘का’ असा रकानाच नाही;
मी समासात पेन्सिलीनं लिहिलं, गार पाणी,
त्याचे गुण कुणी धरले नाहीत.

संध्याकाळी बाहेर त्यांची बस हॉर्न देत होती
आणि ती दोघं बेसिनपाशी उभी,
बाटली धरून,
नळाला गरम पाणी यायची वाट बघत.