विस्थापन

नववी ब च्या फळ्यावर मी लाट काढली.
शिखर, दरी, तरंगलांबी.
खडू दमट, रेघेऐवजी चरा पडायचा.
म्हणालो, लाट पुढे जाते, पाणी जात नाही.
पाणी जागच्या जागी वर-खाली होतं,
पुढे जाते ती ऊर्जा.
मी अक्कलकोटकडचा. हे वाक्य
शेततळ्यात खडा टाकून शिकलो होतो.

शेवटच्या बाकावर सुरंगी तांडेल उभी राहिली.
"सर, पानी जर जाग्यारच ऱ्हवता,
तर माजा चप्पल तोंडवळीक कसा गावला?"
वर्ग हसला.
मी म्हणालो, तो प्रवाह. तो वारा.
किनाऱ्याशी लाट फुटते, तेव्हा जरा वेगळं असतं.
"म्हंजे पुस्तकातली लाट फुटना नाय?"
घंटा झाली. वाचलो.

आचऱ्याच्या त्या प्रयोगशाळेत
गॅल्व्हानोमीटरचा काटा खाऱ्या हवेनं शून्यावर धरला होता.
टिचकी मारली की थरथरायचा,
मग पुन्हा शून्य.
चुंबक सुरंगीनंच आणलं,
नाटकवाल्यांच्या फुटक्या भोंग्यातलं जड काळं कडं,
सुतळीला बांधून, वाळूतून ओढत.
भोवती काळी रेती ताठ उभी.
"सर, ह्येका मिशी इली."
पुस्तकात त्या रेषा तुटक असतात.
इथे त्या बोटाला टोचत होत्या
आणि त्यांना शिंपल्यांचा वास येत होता.

रात्री घरासमोरच्या खांबावर
चिनी मातीच्या वाट्या चरचरायच्या.
वाऱ्यानं चढवलेलं मीठ, मिठावर दव,
आणि जिथून जाऊ नये तिथून निघालेली वीज.
वायरमन अल्ताफ मुकादम खालून टॉर्च मारून म्हणाला,
"पावसानं धुतलं की गप होईल, मास्तर.
तोवर रोजचं तळण."
मी आत बदलीचा अर्ज लिहीत होतो.
'विनंती करतो की' पर्यंत आलो, आणि दिवे गेले.

रविवारी रापण.
बोये अर्ध्या गोलात, वर-खाली, वर-खाली,
अगदी माझ्या फळ्यासारखे.
मी सुरंगीकडे पाहिलं. तिनं न पाहिल्यासारखं केलं.
तिच्या आजोबांनी, बुधाजीनं, दोराचं शेपूट माझ्या हातात दिलं.
"ओढू नकात. नुसते धरून ऱ्हवा."

पाऊण तास.
माझ्या टाचांखालची वाळू सरकली, मी नाही.
दोरातून धक्के येत होते.
तिकडे लांब, पाण्याखाली, काहीतरी अंग झटकत होतं
आणि ते इथे माझ्या तळहातात कळत होतं.
दोर जागेवर. मी जागेवर.

बल गुणिले विस्थापन.
विस्थापन शून्य, तर कार्य शून्य.
किती वह्यांत लाल शाईनं मी हे बरोबर केलंय.
मांड्या लटपटत होत्या,
आणि शून्य ज्यूलच्या पाठीवरून
घाम ओघळत होता.

वाटे पडले. होडीचा, जाळ्याचा, ओढणाऱ्यांचे.
मग बुधाजीनं चार बांगडे माझ्यापुढे टाकले.
म्हणालो, मी काही केलंच नाही.
"दोर सुटलो खय?"
एवढंच विचारलं त्यानं, आणि पुढच्या ढिगाकडे वळला.

मी मासे खात नाही. आमच्यात कुणीच नाही.
तरी पिशवी घेतली,
रस्ताभर अंगापासून लांब धरली
आणि घरमालकीणबाईंच्या ओट्यावर ठेवली.
त्यांनी एकदा बांगड्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे,
आणि तळव्यांना लावायला खोबरेल आणून दिलं.

सोमवारी पुढचं प्रकरण, कार्य आणि ऊर्जा.
खडू धरवेना.
सुरंगीला म्हटलं, तू लिही, मी सांगतो.
तिनं लिहिलं. बल गुणिले विस्थापन.
अक्षर मोठं, जरा उतरतं.
मग वळून माझ्या सोललेल्या हातांकडे
बराच वेळ बघत राहिली.

"सर," तिनं डस्टर उचललं, "पुसू?"