जवळचं ऐकू येत नाही

सव्वासहा. वडगावात अजून माग सुरू झालेले नाहीत.
साडेसातला पहिला धोटा हलला
की मीटरचा काटा नऊवर जाऊन बसतो,
मग जगातलं कुणीही बोललं तरी मला ऐकू येतो
फक्त मुचंडीकरांचा यंत्रमाग.
तेवढा सव्वा तास माझा.

मोटारी वाइंडिंग करून पोट भरतो मी.
उरलेल्या तांब्याच्या तारेची ही अँटेना,
एक टोक नारळाला, एक टाकीला, मधे जीआय पाइप.
गंगव्वा शेजारच्या गच्चीवरून विचारते,
"ओमाण्णा, एवढी वायर, आणि एक साडी वाळत घालू देईनास?"
तिला कसं सांगू,
रात्री त्या तारेवर जपान वाळत असतो.

डिसेंबर. अधिवेशनाचे दिवस.
कुणी एका पाटीला काळं फासलं, कुणी दुसऱ्या,
मग काचा.
शिनोळीच्या अलीकडं त्यांची एसटी येत नाही,
पलीकडं आमची जात नाही.
धाकलू गावडे चंदगडला. छत्तीस किलोमीटर.
परीक्षा आम्ही एकाच दिवशी दिली,
मोर्समध्ये हात त्याचाच जलद.
आमच्या नकाशात बेळगाव आणि चंदगड
एकाच चौकोनात पडतात, एम के सात पाच.
तो चौकोन आखणाऱ्यानं
कुणालाच विचारलं नव्हतं.

पण वीस मीटरवर धाकलू मला ऐकू येत नाही.
लहर डोक्यावरून उडी मारते,
आभाळाला लागून उतरते ती फार लांब;
मधली गावं कोरडी.
याला आम्ही स्किप म्हणतो.
घरात तोंड उघडत नाहीस आणि गावभर बोलतोस,
असं म्हणायची आई.

फोन आहे की. पण फोनवर आम्ही
मयत सांगतो, नाहीतर तांब्याचा भाव.

सहा पन्नास.
डा डिट डा डिट, डा डा डिट डा.
कुणी आहे का. कुणी आहे का.
खरखरीच्या खालून,
तापल्या तव्यावर थेंब नाचावा तसा बारीक सूर:
ओस्वाल्दो, पुन्ता अरेनास, चिलीचं शेवटचं टोक.
त्याच्याकडं रात्रीचे दहा वीस.
सूर्य आत्ताच गेला म्हणतो.
माझ्याकडं अजून पोचायचाय.

थांब, तो ठोकतो,
तुझ्याच चौकोनातला आणखी एक जण बोलावतोय.
तुला येतो का ऐकू?
नाही.
मला येतो. सांगू, काय म्हणतो ते?

एकेक अक्षर आलं.
के. ए. जे. यू.
मग फूल. मग ये.
ओस्वाल्दोला काजू कुठून ठाऊक असणार?
त्याच्याकडचा वारा म्हणे झाडांना आडवंच वाढवतो.
तरी ती चार अक्षरं त्यानं ओंजळीतनं आणली,
थेंब न सांडता,
आणि ही कुठली भाषा म्हणून
विचारलंसुद्धा नाही.

मी म्हटलं, सांग त्याला,
गाडी सुरू झाली की येतो.
पंधरा हजार किलोमीटर तिकडं,
पंधरा हजार परत.
माझं येतो आत्ता कुठल्या समुद्रावर असेल,
धाकलूनं हेडफोन कानाशी दाबून धरला असेल,
मी पण दाबला,
तेवढ्यात

खट. खटखट.
मुचंडीकर आज लवकर.
काटा नऊवर.
मी अंदाजानंच त्र्याहत्तर ठोकलं.
आमच्यात निघताना तेवढंच म्हणतात, सात आणि तीन,
पोचलं तर पोचलं.

वहीत लिहिलं: शून्य एक सव्वीस, चौदा मेगाहर्ट्झ, चिली.
खालच्या ओळीत धाकलूचं नाव लिहावं का?
नियमानं नाही.
आम्ही एकमेकांना ऐकलेलंच नाही.

पेन्सिलनं लिहिलं.