गोल खोलीचा अर्ज

माझं काम तसं सोपं.
माणूस दिला की त्याची जागा सांगायची.
नुसता ऐकणारा विद्यार्थी: सव्वा चौरस मीटर,
हाताखाली फळी असेल तर दीड.
प्रयोगशाळेत पाच. प्राध्यापक बारा,
विभागप्रमुख झाला की रातोरात अठरा,
निवृत्त झाला की शून्य,
आणि खोकी न्यायला पंधरा दिवस.
वर तीस टक्के जिने, मार्गिका, भिंतींची जाडी.
तिथे कुणाचीच खोली नसते नि सगळे तिथेच भेटतात.

इथे वाल्दिव्हियात वर्षाचे आठ महिने छत्र्या निथळतात.
निथळत्या छत्रीला तक्त्यात रकाना नाही.
मी दरवेळी ‘इतर’मध्ये दोन मीटर चोरून घालते.

मार्चमध्ये जुनी विज्ञान इमारत पाडायचं ठरलं.
साठ सालच्या भूकंपात तिची मागची भिंत तडकली,
तेव्हापासून ती उभी होती ती सवयीनं.
विभागांना पत्रं गेली: गरजा कळवा.
सगळ्यांना खिडकी हवी, नदीकडची.
शेवाळवाले वेन्सेस्लाओ बार्रिया तेवढे म्हणाले, नको,
ऊन आलं की माझी माणसं मरतात.

आयलिन कात्रिलेफचं पत्र तीन ओळींचं.
मापुदुंगुन शिकवते ती. विद्यार्थी एकोणीस.

खोली गोल हवी.
दार पूर्वेला हवं.
टेबलं नकोत.

संगणकावर गोल काढला.
त्यानं तो चौकोनात बसवला,
चारही कोपरे लाल केले: वाया, एकवीस टक्के.
आणि पूर्वेला तर लिफ्ट.
मी फोन केला. दार उत्तरेला चालेल?
पलीकडे बराच वेळ काहीच नाही.
मग म्हणाली, एकदा येऊन मोजा.

गेले. हातात टेप, बूट ओले.
खोली दोनशे चौदा: लांबट, टेबलं भिंतीशी रचलेली,
दार पश्चिमेला.
एक साठीचा होडीवाला
आईनं त्याच्यापासून लपवलेली भाषा शिकत होता.
शब्द अडला की दाराकडे बघायचा,
आणि पटकन नजर काढून घ्यायचा.

मोजणाऱ्याला उभं राहायला कोपरा लागतो.
तिथे कोपरा नव्हता.
खुर्च्या सरकल्या, विसावी जागा झाली,
बसले मी. गुडघ्याला गुडघा. माणशी एक पूर्णांक एक.
मध्ये जे रिकामं होतं त्याला आमच्याकडे म्हणतात
‘विनावापर’.
सगळे त्याच्याकडेच तोंड करून बसले होते.

तक्ता लांबी विचारतो, रुंदी, उंची.
खोलीला खोली विचारत नाही.

लिफ्ट हलवली.
लिहिलं दोन शब्दांत, गेले चार आठवडे.
लिफ्ट हलली की जिना हलतो,
जिना हलला की शौचालयं,
आणि शेवटी धक्का बसतो
दोन एलेओदोरोच्या फडक्या-बादल्यांच्या कोठडीला.
त्याला विचारायला कुणी जात नाही. मी गेले.
बादलीला सूर्य नको, म्हणाला, नळ हवा.
आणि कडी आतून.
आतून?
तो फडकं पिळत राहिला.
मी लिहून घेतलं: कडी, आतून.

आता एक कोपरा छत्र्यांना, उघड उघड, नावानिशी.
एक एलेओदोरोला. एकातून विजेच्या तारा.
चौथा शून्य पूर्णांक सहा मीटर,
त्यात काही म्हणजे काही बसत नाही.
ओस्वाल्दो रोज विचारतो, याचा उपयोग काय लिहू?
रकाना रिकामा ठेवला तर संगणक पुढे जात नाही.

काल आयलिनचं आणखी एक पत्र आलं, एका ओळीचं.
पूर्व म्हणजे जूनमधली पूर्व, आमचं वर्ष तेव्हा उजाडतं.
पंचांग काढून बघितलं:
जूनमध्ये इथे सूर्य उगवतो
एकतीस अंश उत्तरेकडे सरकून.
एकतीस अंश म्हणजे पुन्हा लिफ्ट, पुन्हा जिना,
पुन्हा एलेओदोरोचा नळ.

साडेसात वाजलेत. ओस्वाल्दो गेला घरी.
मी टेबलाखाली वाकून
खोडरबर शोधतेय.