सहाशे पिक्सेल रुंद

ॲबर्डीनहून निरोप आलाय:
रुंदी सहाशे, वजन शंभर केबीच्या आत,
चेहरा जवळून, डोळे कॅमेऱ्याकडे,
मागचा पसारा नको.

न्खाता बेमध्ये आज वीज साडेनऊपर्यंत.
बॅटरी एकतीस टक्के.
खाली तळ्याकाठी उसिपा वाळतेय,
तिचा वास खिडकीतून येतो
आणि कीबोर्डवर बसतो.

मूळ फोटो चार हजार पिक्सेलांचा.
त्यात न्याम्हांगो,
मागे मासळी वाळवायच्या जाळ्या,
कुणा पोराचा अर्धा गुडघा,
पाठमोरी कोंबडी,
आणि खुर्ची.

खुर्चीचं सांगायला हवं.
मी कॅमेरा काढला तेव्हा ती पायरीवर बसली होती.
"थांब," म्हणाली, आत गेली,
डोक्यावर खुर्ची घेऊन बाहेर आली.
म्लोम्ब्वाच्या लाकडाची, हात असलेली,
पहिल्या वाळवणाच्या पैशांतून
सुताराच्या मागे लागून करून घेतलेली.
नवरा होता तोवर घरात एकच खुर्ची होती,
ती त्याची.
पदराने पुसली, मग बसली,
आपले दोन्ही हात
खुर्चीच्या दोन्ही हातांवर ठेवून.
"दिसते ना?" तिनं विचारलं.
मला वाटलं, स्वतःबद्दल विचारतेय.

आता मी चौकट ओढतो.
गुडघा गेला. कोंबडी गेली.
जाळ्या गेल्या, ज्यांच्यासाठी हे पैसे मागायचे.
खुर्चीची पाठ तिच्या खांद्यामागे
जरा रेंगाळली,
मग तीही गेली.
उरला चेहरा. चांगला आहे चेहरा.
पण नुसत्या चेहऱ्याला काहीही म्हणता येतं:
दमलेली, वाट बघणारी,
हात पसरणारी.
हात तर मीच कापलेत.

अख्खा फोटो लहान करून पाहिला.
खुर्ची काडेपेटीएवढी, न्याम्हांगो मसुरीएवढी.
परत मागे आलो.
मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवला,
फोल्डरला नाव दिलं: हात लावू नये.

शेवटी एक छोटा रकाना असतो.
ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी
चित्रात काय आहे ते लिहायचं.
आमचा येसाया तिथे नेहमी लिहितो: बाई.
मी लिहिलं:
न्याम्हांगो, मासळी वाळवणारी,
स्वतःच्या खुर्चीत बसलेली.
खोडलं. चित्रात खुर्ची नाही.
पुन्हा लिहिलं.
लाकूड कुठलं, तेही लिहिलं.

ॲबर्डीनमध्ये कुणी एक आंधळा माणूस असेलच.
यंत्राचा सपाट आवाज त्याला वाचून दाखवेल,
आणि त्या सगळ्या गावात
खुर्ची फक्त त्याला दिसेल.

बॅटरी नऊ टक्के. वजन अठ्ठ्याऐंशी केबी.
पाठवलं.

शुक्रवारी ती येईल.
माझ्या फोनवर स्वतःला बघेल,
हसेल बहुतेक.
मग अंगठ्यानं फोटो वर सरकवेल,
खालचं बघायला,
अजून थोडा वर,
अजून.