पाय की पाइप

तीन आठवडे बायकोला बोललो नाही.
एल आल्तोच्या कडेवरून गाडी उतरणीला लागली
की खाली वाटीत साचलेलं ला पाझ,
एकमेकांच्या खांद्यावर चढलेली विटांची घरं,
आणि माझ्या उजव्या पायाखाली
पेडल कसलं, फरशीच.
दाबावं तर जागची हलत नाही.
पाठ सीटला टेकवून दोन्ही पायांनी रेटावं
तेव्हा कुठे मिनीबस थांबायची,
पुढच्याच्या बंपरला हुंगत.

मला वाटलं, वय झालं.
एकसष्ट पूर्ण, त्यातली अडतीस याच उतारावर.
बापाचेही आधी पायच गेले होते.
रात्री पांघरुणाखाली मांडी चाचपायचो,
बाजारात मटण चाचपावं तशी.
फिलोमेना कूस बदलून विचारायची,
"काय शोधतोयस, तेयो?"
काही नाही. झोप तू.

सेवेरिना तिकोनाचं गॅरेज म्हणजे चार पत्रे आणि एक खड्डा.
घागऱ्यावरून ओव्हरऑल, वेण्या मागे गाठ मारून.
मी म्हणालो, पॅड झिजले असतील.
पायाचं काढलं नाही.
ती म्हणाली, "इंजिन बंद. दाब.
अजून दाब. पाच-सहा वेळा.
आता पाय तसाच ठेवून चालू कर."
केलं.
"काय झालं?"
काहीच नाही.
"तेच तर. पाय जरा खाली जायला हवा होता."

मग बॉनेटखालचा काळा डबा तिने पान्याने वाजवला.
"ब्रेक काय तुझ्या एकट्याच्या पायावर लागतो?
यातली हवा इंजिन ओढून घेतं.
एका अंगाला पोकळी, दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा.
तू नुसतं सांगायचं, ढकलते ती.
आणि चार हजार मीटरवरची आपली हवा,
आधीच उपाशी पोरगी, किती ढकलणार?
त्यात पोकळीलाच भोक."

पोकळीला भोक.
मी मनातल्या मनात दोनदा म्हणून बघितलं.

तिने पोराला रेडिओ बंद करायला लावला.
रस्त्यावर "सेहा, सेहा" ओरडणाऱ्याला
हात वर करून गप्प केलं, आणि तो झालाही.
इंजिनाच्या घरघरीखाली ऐकू आलं मग:
पुढचा दात पडलेला माणूस
"स" म्हणतो, तसं.

रबराचा पाइप, क्लॅम्पच्या आत चिरलेला.
सरळ धरला तर शहाणा, वाकवला की तोंड उघडतो.
त्याच्या टोकाशी अंगठा धरायला लावला मला.
"वासराने ओढावा तसा ओढला गेला पाहिजे."
वासरू आजारी होतं.
पाइपातली झडप तिने ओठांना लावून फुंकली,
उलटी करून पुन्हा फुंकली.
श्वास दोन्हीकडून आरपार.
"दार आहे," ती म्हणाली, "कडी नाही."

झडप नवी. पाइप भंगारातल्या कोरोलाचा,
हातभर कापून, उन्हात वाकवून तपासलेला.
सगळे मिळून नव्वद बोलिव्हियानो,
आणि मला वाटत होतं, एक मांडी लागेल.

पुन्हा तेच. बंद. दाब, दाब, दाब.
धरून ठेव. चावी.
आणि पेडल खाली गेलं,
दोन बोटं, फार नाही,
गर्दीत कुणी न बोलता सरकून जागा द्यावी तसं.
मी हसलो. बराच वेळ.
तिला वाटलं, बिलावर हसतोय.
"कमी होणार नाही हं," ती म्हणाली.

संध्याकाळी चौदा माणसं भरून निघालो.
पहिल्याच वळणावर कुत्रं आडवं आलं
आणि तीन आठवड्यांची सवय माझ्या पायात जागी झाली:
दोन्ही पायांनी, जीव खाऊन.
गाडी खिळ्यासारखी उभी.
माणसं एकमेकांच्या मांडीवर,
एका म्हातारीचे पाव टोपलीतून
माझ्या मानेवरून पुढच्या काचेपर्यंत.

"रेड्या!" ती ओरडली,
"केवढा जोर तो पायात!"

मी पाव गोळा करत होतो.
"पुन्हा म्हणा, आई," म्हणालो.