लेखण्या कापणारा

मला वाचता येत नाही.
तेवीस हिवाळे मी गुरू गेरुंग यांच्या लेखण्या कापल्या.
हंसिणीच्या डाव्या पंखातली पहिली पाच पिसं,
कारण ती लिहित्या हाताच्या वाटेत येत नाहीत;
तापल्या वाळूत खुपसून कडक केलेली,
मग चाकूचा एकच तिरका घाव.
दुसरा लागला तर पीस चुलीत.

मठ मोझेलच्या वळणावर. समोरच्या उतारावर द्राक्षमळे,
आत थंडीनं खोकणारी चाळीसेक माणसं.
त्यातला एक विचार करायचा.
बाकी आम्ही त्याचं जळण, त्याचं पाणी, त्याची मेणबत्ती.

एकदा त्यांनी विचारलं,
"विगांड, हंसीण म्हणजे काय?"
म्हटलं, कुठली? लंगडी, की कुंपणापाशी फुत्कारते ती?
"एखादी नाही रे. नुसतं हंसपण.
सगळ्या मेल्या तरी जे उरेल, ते."
सगळ्या मेल्या, मी म्हटलं, तर तुम्ही लिहिणार कशानं?
ते इतके हसले की दौत लवंडली.
डाग अजून फळीवर आहे. पुसू दिला नाही त्यांनी.
सकाळी दाराबाहेर सात लेखण्या, सातही बोथट.

अक्षर कळत नाही, पण पीस कळतं मला.
विरोधकाचं म्हणणं मांडताना टोक सरळ झिजायचं,
दोन्ही बाजू सारख्या:
दुसऱ्याचं माप ते कधी कमी भरत नसत.
"याला माझं उत्तर असं" इथे आले
की डावी बाजू खचायची,
चढावर ओझ्याचं खेचर एकीकडे कलतं तशी.
आणि देवाविषयी लिहायचा दिवस असला
तर लेखणी जवळजवळ कोरीच परत यायची.

मग बिशपांचं पत्र आलं.
नऊ वाक्यं चुकीची आहेत म्हणे.
तीन आठवडे मी पेटी मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर.
दाराआड लॅटिन, कौलांवर गारा पडाव्यात तसं.
आठ वाक्यं त्यांनी मागे घेतली.
आज्ञा पाळण्याची शपथ होती, आणि गुडघे दुखत होते.
नववं का नाही, मी परतीच्या नावेत विचारलं.
"ते माझं नव्हतंच. उतरवून घेणाऱ्याची चूक."
बराच वेळ पाण्याकडे पाहिलं.
"पण चुकून बरोबर लिहिलं पोरानं."

त्यानंतरही ते रोज लिहीत.
फक्त डावी बाजू पुन्हा कधी खचली नाही.

उपवासाच्या दिवसांत त्यांना ताप चढला.
शेवटची लेखणी बोटांत फिरवत म्हणाले, "ही कुणाची?"
लंगडीची.
"लंगडीची," ते म्हणाले,
भर प्रार्थनेत नाव घ्यावं तसं.

मातीला महिना झाला नाही तोच
बिशपांचा माणूस चर्मपत्रं न्यायला आला.
दोन पेटारे भरले, दोरी आवळली.
अंगणात लंगडी आडवी आली
आणि त्याच्या पोटरीचा असा चावा घेतला
की पेटारा चिखलात, आणि तो फाटकाबाहेर.
पत्रं त्यानं दुसऱ्या दिवशी नेलीच.
पण मी हसलो. कबुलीत सांगितलं, सात प्रार्थनांचं प्रायश्चित्त मिळालं.
सहा म्हणून झाल्या.
सातवीत दर वेळी मध्येच थांबतो
आणि विचारतो:
गुरुजी, नुसत्या हंसपणाला हे जमलं असतं का?